फरारबाई, बॉस्टन आणि साठ दिवसांची नोटीस

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघाला की बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढले ते माणसं बाटवायलाच. दुसरी म्हणते, ती निखळ सेवा होती, धर्माचा त्यात काही संबंध नव्हता. बॉस्टनजवळ बसून मी हे दोन्ही ऐकते आणि मला दोन्ही पटत नाही. याचं कारण सिंथिया फरार.

फरारबाई इथून जवळच्या न्यू हॅम्पशायरमधल्या. १८२७ साली बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने त्यांना मुंबईला पाठवलं. अविवाहित बाईला असं समुद्रापार धाडणं त्या काळी दुर्मीळच. आधी मुंबईत, मग १८३९ पासून नगरला त्या मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुले भारावले. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिशनच्याच मिचेलबाईंकडे.

फरारबाई धर्म सांगायलाच आल्या होत्या, हे लपवू नये. मुलींना वाचता यावं, कारण बायबल वाचता यावं, असाच तो विचार होता. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या लिखाणात आपल्या देवाधर्माविषयी जी तुच्छता आहे, ती वाचताना मला आजही राग येतो.

पण याच शाळांवरून बॉस्टनलाही तक्रार होती, आणि ती अगदी उलटी. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः मुंबई-नगरला येऊन गेले. शाळांवर इतका पैसा आणि माणसं खर्ची पडतात, त्या मानाने ख्रिस्ती किती झाले, हा त्यांचा सवाल. इंग्रजी शाळांना त्यांनी कात्री लावली. शिक्षण हे प्रचाराला पूरक असेल तेवढंच ठेवा, असं बजावलं. आज आपण ज्या शाळांना धर्मांतराचे कारखाने म्हणतो, त्या पैसे पुरवणाऱ्यांच्या लेखी धर्मांतराच्या कामी कमी पडत होत्या. गावी कुणाशी वाद झाला की मी हे आवर्जून सांगते.

आणि त्या शिक्षणाचं पुढे काय झालं? फुले दांपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, पण दोघंही ख्रिस्ती झाली नाहीत. जोतीरावांनी मिशनऱ्यांची मदत घेतली, त्यांच्याशी मैत्री केली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्वतःच्या विचाराने उभारला. त्यांच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी, मुक्ता साळवे, हिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये आला. ज्ञानोदय हे मिशनचंच पत्र, नगरला १८४२ साली सुरू झालेलं. त्यात या पोरीने थेट देवालाच विचारलं की आमचा धर्म कोणता ते सांग. फरारबाईंपासून सावित्रीबाई, सावित्रीबाईंपासून मुक्ता. शिकलेली माणसं आपापल्या वाटेने गेली.

आमची इथली मराठी शाळा रविवारी दुपारी एका काँग्रिगेशनल चर्चच्या हॉलमध्ये भरते. अमेरिकन बोर्डाला बळ दिलं ते मुख्यतः याच पंथाच्या चर्चेसनी. सकाळची प्रार्थना आटोपून मंडळी कॉफीचे कप आवरत असतात तोवर आमची मुलं सतरंजी पसरून मनाचे श्लोक सुरू करतात. गणपतीत मूर्ती ठेवायला मेज कुठलं घ्यायचं, हे तिथल्या एक आजी दरवर्षी स्वतःहून विचारतात. ॲशलंडच्या लक्ष्मी मंदिरात अमेरिकन माणसं येतात, नमस्कार करून प्रसाद घेतात. इस्कॉनची नोंदणी १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये झाली; तेव्हापासून किती गोऱ्यांनी दीक्षा घेतली. त्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला आधी कळवायची सक्ती कुणावर नाही. उद्या तसा नियम आला तर आम्ही सगळे कोर्टात जाऊ, आणि गावाकडची मंडळीही आमच्यासाठी पेटून उठतील.

मग तिकडे वेगळा न्याय का? उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यांत धर्म बदलायच्या साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. महाराष्ट्रातही असंच काही हवं, असं म्हणणारे माझ्या नात्यात आहेत. जबरदस्ती, फसवणूक, धमकी यांना शिक्षा हवीच, त्यावर माझं दुमत नाही. पण आधी कळवायचं म्हणजे भावकीला, गावाला, नवऱ्याला दोन महिने दबाव आणायला मोकळीक द्यायची. आणि ज्याच्या हाती काही नाही, त्या बाईवर आणि दलितावरच तो दबाव आधी येतो.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षं त्यांनी विचारात, वाचनात, वादात घालवली. त्यांनी कलेक्टरची परवानगी मागितली नव्हती. ज्या महाराष्ट्रात हे घडलं, तिथे साठ दिवसांची नोटीस मला मान्य नाही.