मुलांना पावसाळ्यातला समुद्र दाखवा, पण आधी तिथी बघा

पोरांना घेऊन भर पावसात कोकणात किनाऱ्याने चालायला गेलो, म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांनी फोनवर झापलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. बडोद्यातली कितीतरी मराठी घरं तिकडे जातात, अभिषेक करतात, संध्याकाळी पुळणीवर पाय भिजवतात आणि परततात. वेळणेश्वर-हेदवीकडचा काळा कातळ, खडपं आणि त्यावर फुटणारा आषाढातला समुद्र मात्र पाहायचा राहूनच जातो. माझ्या मते तो मुलांनी पाहायलाच हवा. पाण्याला भ्यायचं कुठे आणि किती, हे घरात बसून कळत नाही.

तिथल्या लोकांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आम्ही निघालो त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारला आणि ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमाराला. नऊला निघायचं आणि बाराच्या आत खडपं सोडून वर यायचं. हे गणित माझ्या धाकट्याने स्वतः कालनिर्णय बघून केलं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळायचं, अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती, बरा. सोबत भरतीचं छापील वेळापत्रकही बघायचं, कारण पाऊणपट हा अंदाज आहे आणि वारा तो मोडतो. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर घरातच बसायचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात, मग आपण गुडघाभर पाण्यात उतरून फोटो कसले काढतो? हेदवीच्या बामणघळीशी हेच चालतं. कातळातली ती अरुंद भेग, भरतीला लाट आत घुसते आणि उसळून उंच वर येते. तिच्या काठावर समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांचा मला मनापासून राग येतो. मुलांना कडेवर घेऊन उभे असतात!

आम्ही ठरवलेली वाट पूर्ण केली नाही. मध्ये एक वहाळ समुद्राला मिळतो. पाणी जेमतेम घोट्याएवढं, खालचे गोटे दिसत होते, आमच्या डोक्यावर पाऊसही थांबला होता. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका सोबत होते. त्यांनी काठी पाण्यात रोवली आणि नुसते बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, परत फिरू या. वर सड्यावर, पठारावर पाऊस धरलाय. आता पाणी तांबडं होईल बघा." थोड्याच वेळात कडेने लालसर रेघ आली, मग पाला, मग काटक्या, आणि गोटे दिसेनासे झाले. काठीवरची ओली खूण वितभर वर सरकली होती. माझी मुलगी पटकन म्हणाली, "आई, आजव्यासारखं!" आजवा म्हणजे बडोद्याच्या वरच्या अंगाचा जलाशय, त्याचं पाणी विश्वामित्री नदीत येतं.

बडोदेकरांना हे समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. तेव्हा शहरातला पाऊस ओसरला तरी वरून येणारं पाणी थांबेना, हे माझ्या मुलीने खिडकीतून पाहिलंय. तेच तिला त्या वहाळात दिसलं. यासाठीच न्यायचं असतं मुलांना.

"एवढं लांब जाऊन अर्ध्यातून परतलात?" असं भाऊजींनी विचारलं. हो, परतलो. रजा आणि तिकिटं आपली असतात, त्यांच्याशी समुद्राला काही देणंघेणं नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेसुद्धा वेगळं वेळापत्रक लावून गाड्या हळू चालवते, ते आपण मुकाट्याने मान्य करतोच ना? ज्यांना निघायचंय त्यांनी गावातला माहीतगार माणूस सोबत घ्यावा आणि त्याने "नको" म्हटलं की वाद घालू नये. पायात पकड घेणारे बूट हवेत, कारण शेवाळलेल्या कातळावर चप्पल टिकत नाही. छत्री घरीच ठेवा.

कोकण लांब वाटत असेल तर आपल्या जवळ कांबोई आहे. तिथला स्तंभेश्वर महादेव भरतीत बुडतो आणि ओहोटीत मोकळा होतो, मुलांना भरती समजवायला याहून चांगली जागा नाही. मात्र तिथे पाऊणपट लावू नका. खंभातच्या आखातात भरती काही तास उशिरा पोहोचते. गुहागरकडे पाणी दोन-तीन मीटर चढतं, तर भावनगरला दहा मीटरच्या आसपास. देवळात लावलेली त्या दिवसाची वेळ बघा आणि चिखलात पोरांना उतरू देऊ नका.