पिशवी मळू नये म्हणून

कापडी पिशव्या वाटण्याचे मला किती पैसे मिळतात, असे परवाच्या रविवारी भर भाजीबाजारात एका सद्गृहस्थांनी विचारले आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरली, ती मला अजून सहन होत नाही. सोसायटीतल्या बायकांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि बाजाराच्या तोंडाशी उभे राहून त्या फुकट वाटायच्या, एवढाच आमचा उपक्रम आहे.

गृहस्थांनी मुलगी पाहायला आल्यासारखी पिशवी निरखली. “जांभळा मला शोभत नाही. दुसरा रंग?” मी निळी काढली. मग त्यांनी शिवण ताणून पाहिली, बंद फार लांब असल्याचे आणि चेन नसल्याचे नोंदवले, आणि दोन किलो कांदे पेलतील का, याची चौकशी केली. लेखी हमी तेवढी मागितली नाही. अखेर पसंती झाली. पिशवीची नीट घडी घालत ते शेजारच्या भाजीवालीला म्हणाले, “मावशी, एक कॅरीबॅग द्या हो.”

“अहो काका, हातात पिशवी आहे ना?”

“कोथिंबीर ओली आहे, मॅडम. एवढी छान पिशवी मळेल की!”

महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून अशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी असून पहिल्याच गुन्ह्याला 5000 रुपये दंड आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी शांतपणे मावशींकडे बोट दाखवले. “तो यांना.” कायद्यात वापरणाराही येतो, पण पथक येते तेव्हा सापडतात त्या मावशीच, आणि पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक पलीकडच्या गाडीवर जाते, हेही त्यांनाच सोसावे लागते. त्यातून 2022 च्या अखेरीपासून देशभर 120 मायक्रॉनांहून पातळ पिशवी चालत नाही. मावशींजवळ तराजू आहे, मायक्रॉन मोजायचे यंत्र कोणी दिलेले नाही. हा माल बनतो कुठे, हे त्या पथकाला विचारावे, तर ते नेमके तेव्हाच घाईत असते.

तोवर कॅरीबॅगेत कोथिंबीर आणि तिच्यावर आमची निळी पिशवी विराजमान झाली होती. “घरच्यांसाठी ती जांभळीही द्या,” गृहस्थ म्हणाले, “त्यांना शोभते.” मी मुकाट्याने दिली, कारण सोसायटीच्या वार्षिक अहवालात वाटलेल्या पिशव्यांचा आकडा छापतात, वापरलेल्यांचा नाही.