एका बिटाचा निरोप

312 सीड्या रिप करायला, म्हणजे त्यांतली गाणी कॉम्प्युटरवर फाइलींत साठवायला, मला अकरा महिने लागले. शेवटची सीडी ड्राइव्हमधून बाहेर आली त्याच दिवशी जुना प्लेअर पुतण्याला देऊन टाकला आणि कृतकृत्य होऊन खुर्चीत बसलो. पहिली लावली ती आवडती, व्हायोलिनची. पाचव्या मिनिटाला दाढा शिवशिवायला लागल्या. गज तारेवरून नव्हे, पत्र्यावरून फिरत होता.

संशय आधी स्पीकरवर गेला. ते भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मग मागे सरकवले, मग तिरके केले. केबल बदलली. सगळं निर्दोष सुटल्यावर संशय स्वतःवर आला आणि कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, "वयाप्रमाणे बारीक, उंच आवाज जरा कमी ऐकू येतात तुम्हाला." म्हणजे कमी ऐकू येऊनही एवढं टोचत होतं. कान शाबूत असते तर काय प्रसंग ओढवला असता!

भानगडीचं मूळ निघालं थेट सीडीच्या बाळपणात. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हा तबकडी 16 बिटची, पण फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरांतले कन्व्हर्टर (तबकडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारे भाग) 14 बिटचे. बिट कमी, तर सळसळ जास्त. मग बारीक आवाजांमागची सळसळ दाबायची कशी? तर रेकॉर्डिंगच्या वेळी ट्रेबल, म्हणजे उंच पट्टीतला आवाज, मुद्दाम चढवून ठेवायचा आणि वाजवताना तेवढाच उतरवायचा, म्हणजे त्याच्यासोबत सळसळही खाली येते. चढवण्याला प्री-एम्फसिस म्हणतात, उतरवण्याला डी-एम्फसिस. 3 किलोहर्ट्झच्या आसपास चढण लागते आणि 20 किलोहर्ट्झला पोचेपर्यंत साडेनऊ डेसिबलच्या घरात जाते. (हिशोब 50 आणि 15 मायक्रोसेकंदांचा आहे. हे वाक्य मी घरात एकदाच उच्चारलं.)

आता हे उतरवायचं आहे हे प्लेअरला कळणार कसं? त्यासाठी तबकडीवर एक बिट राखून ठेवलेला असतो. एकच. 'आम्ही चढवलंय, तुम्ही उतरवून घ्या' एवढाच निरोप. माझा प्लेअर तो निरोप वाचून वीस वर्षं मुकाट्यानं ट्रेबल उतरवत होता आणि त्याबद्दल एका शब्दानं कधी बोलला नाही. मी रिप केलं तेव्हा सूर अन् सूर फाइलीत आला, निरोप तेवढा तबकडीवर राहिला.

उपाय मात्र सोपा होता. सॉक्स नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. त्याला फाइल द्यायची, 'डीएम्फ' असं सांगायचं, की झालं. "काय चाललंय एवढं?" बायकोनं बाहेरून विचारलं. "व्हायोलिनला सॉक्स लावतोय!" मी ओरडलो. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि पायांत मोजे नाहीत याची खात्री करून परत गेली.

व्हायोलिन खरोखर निवळलं. इथेच थांबायला हवं होतं. पण हातात हातोडा आलेल्या माणसाला घरभर खिळे दिसतात. जी फाइल जरा तेज वाटली तिला सॉक्स. एका गाणाऱ्या बाईंच्या सीडीवर प्री-एम्फसिस मुळातच नव्हता. त्या आता तोंडात मोजा कोंबल्यासारख्या गायला लागल्या. एका सतारीवर विसरून दोनदा प्रयोग झाला, ती हौदाच्या तळाशी गेली. मूळ फाइली बाजूला ठेवून नव्या 24 बिटच्या करत होतो, म्हणून लाज राखली गेली.

मग अंदाज सोडून निरोपाच्याच मागे लागलो. तर तो दोन जागी लिहिता येतो: तबकडीच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत आणि सबकोडात, म्हणजे गाण्यासोबत अखंड वाहणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या माहितीत. दोन्हीकडे एकच मजकूर असावा ना? पण काही तबकड्यांची अनुक्रमणिका म्हणते 'असलं काही नाही' आणि आतला सबकोड म्हणतो 'आहे की'. माझ्या प्रोग्रॅमनं फक्त अनुक्रमणिका वाचून काम उरकलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मीही तेच करत असे, त्यामुळे रागावता येईना.

सबकोड वाचणारा दुसरा प्रोग्रॅम मिळवला. 312 तबकड्या पुन्हा एकेक करून आत-बाहेर. "आता काय चुकलं?" बायको म्हणाली. "एक बिट," मी म्हणालो. "केवढ्यात?" हिशोब सांगितला असता, पण एका तबकडीवर किती अब्ज बिट मावतात हे तिला कळणं माझ्या हिताचं नव्हतं.

तपासाअंती सात खऱ्या निघाल्या. दोन मात्र अडून बसल्या. त्यांचा सबकोड माझा ड्राइव्ह एकदा असा वाचतो, एकदा तसा. निवाडा करू शकेल असा घरात एकच होता: तो जुना प्लेअर. त्याच्यावर सीडी लावायची, शेजारी फाइल वाजवायची आणि ताडून बघायचं.

पुतण्याला फोन लावला. "काका, त्याचा तर मी रोबोट केला. मोटर भारी होती."

"अरे, पण अजून वाजतो का तो?"

"हो तर. भिंतीवर आपटला की वाजतो."