तोराची अक्षरं एकसारखी आहेत, म्हणून चिकित्सा नको?

तोरा म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं, देवाने मोशे या संदेष्ट्याला दिली अशी श्रद्धा असलेली; ती हाताने गुंडाळीवर लिहितात. तिच्याबद्दल सध्या एक दावा खूप फिरतो आहे: "मोशेपासून आजवर जगातली प्रत्येक तोरा-गुंडाळी अक्षरन् अक्षर सारखी आहे. ३,०४,८०५ पैकी एक अक्षर चुकलं तरी गुंडाळी बाद. म्हणून चिकित्सक अभ्यास मानला की यहुदी श्रद्धा संपली."

"प्रत्येक गुंडाळी सारखी."

जवळजवळ खरं आहे, आणि त्यामागची सोफेरांची (लेखनिकांची) मेहनत थक्क करणारी आहे. मृत समुद्राकाठच्या एन-गेदीची जळून कोळसा झालेली प्राचीन गुंडाळी संगणकाच्या मदतीने न उलगडता वाचली, तेव्हा तिच्यातली लेवीयची (तोराच्या तिसऱ्या पुस्तकाची) अक्षरं आजच्या पाठाशी जुळली. तरी येमेनी गुंडाळ्यांत नऊ अक्षरांचा फरक आहेच. उत्पत्ति ९:२९ मध्ये इतरत्र 'वायेही' आहे, तिथे येमेनी 'वायिह्यू' लिहितात. 'वाव' या एका हिब्रू अक्षराने एकवचनाचं अनेकवचन होतं. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतल्या प्राचीन हस्तलिखितांत त्याहून मोठे फरक सापडले. 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकात ३२:८ मध्ये आज 'इस्राएलपुत्र' आहे, तिथल्या एका प्रतीत 'देवपुत्र' आहे.

"मोशेपासून."

हे तर तल्मूदच (यहुदी धर्मशास्त्राचा जुना चर्चाग्रंथ) मान्य करत नाही. त्यातल्या किद्दुशीन या भागाचं पान ३०अ म्हणतं, 'गाहोन' (लेवीय ११:४२) मधला वाव हे तोराचं मधलं अक्षर. आजच्या पाठात मोजा, मध्य हजारो अक्षरं अलीकडे येतो. त्याच पानावर कबुलीही आहे: पूर्ण आणि अपूर्ण लेखनात (स्वरदर्शक अक्षरं कुठे लिहायची, कुठे गाळायची यात) पूर्वज निष्णात होते, आपण नाही. यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात तीन प्रती होत्या आणि त्या जिथे जुळत नव्हत्या तिथे दोघींचा पाठ घेऊन तिसरीचा सोडला, अशीही परंपरा आहे. ही पाठचिकित्साच झाली.

"एक अक्षर चुकलं तरी बाद."

नियम कडक आहे, पण सरसकट नाही. प्रार्थनागृहात वाचन चालू असताना अर्थ किंवा उच्चार बदलणारी चूक दिसली, तर गुंडाळी बंद करून दुसरी काढतात. सदोष गुंडाळीला पट्टा तिच्या कापडी झग्याच्या बाहेरून बांधतात, म्हणजे दुरुस्तीपर्यंत कुणी चुकून उघडत नाही. वाव इतका आखूड पडला की तो योद हे दुसरं अक्षर वाटावा, तर अक्षरओळख असलेल्या लहान मुलाला विचारतात, कारण मोठा माणूस संदर्भावरून वाचून टाकतो. पण फक्त स्वरदर्शक वाव-योद जास्त किंवा कमी असेल, तर १६व्या शतकातल्या क्राकूवचे धर्मशास्त्री मोशे इस्सेर्लेस यांचा निर्णय असा: दुसरी काढू नये, कारण आपल्या गुंडाळ्या इतक्या अचूक नाहीत की दुसरी अधिक निर्दोष ठरेल.

"चिकित्सा मानली की श्रद्धा संपली."

मोशेच्या मृत्यूची शेवटची आठ वचनं यहोशवाने लिहिली, हे मत तल्मूदच्या बावा बात्रा या भागातच आहे. १२व्या शतकात इब्न एझ्रा या भाष्यकाराने मोशेनंतरच्या वाटणाऱ्या आणखी ओळींकडे सूचक बोट दाखवलं.

तोरा अनेक स्रोतांतून घडली, हा प्रश्न मात्र याहून जड आहे. मध्ययुगीन धर्मशास्त्री मायमोनिडीसच्या आठव्या तत्त्वाशी (संपूर्ण तोरा देवाकडून मोशेला मिळाली) तो थेट भिडतो आणि नऊ अक्षरांच्या हिशेबाने सुटत नाही. मोर्दखाय ब्रॉयर या सनातनी विद्वानाने त्यावर वाट काढली: अभ्यासकांना दिसणारे वेगवेगळे आवाज खरे, पण ते एकाच देववाणीचे पैलू. ही वाट सर्वांना पटली नाही. पण ती काढणारा माणूस शब्बाथ पाळणारा होता आणि त्यानेच हस्तलिखितं ताडून तनाखचा (संपूर्ण हिब्रू बायबलचा) पाठ सिद्ध केला.

आणि अक्षरांवाचून श्रद्धा टिकते का, तर कोकणातले यहुदी, बेने इस्राएल? त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गुंडाळी नव्हती. तरी ते शेमा ही मुख्य प्रार्थना म्हणत, सुंता करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे.