आदिवासी वाटत नाही म्हणे

"तू आदिवासी वाटत नाहीस हं." हे वाक्य मी नागपुरात शाळेपासून ऐकत आले आहे, आणि बोलणाऱ्याला बहुतेक वेळा ते कौतुकच वाटत असतं. मी गोंड आहे. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करते, स्कूटी चालवते, बर्डीच्या बाजारात भाव करून कुर्ते घेते. त्यांच्या डोक्यातल्या चित्रात मी बसत नाही. मग चित्रच चुकलं असेल, असं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

हे शहर वसवलं कोणी? देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, १७०२ च्या सुमारास. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, राजधानी इथं आणली. आज ज्याला गांधीसागर म्हणतात तो जुम्मा तलाव त्याच्याच काळातला. भोसले नंतर आले. बख्त बुलंदानं औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता, तरी घराणं गोंडच म्हणवलं गेलं. म्हणजे आमचा राजाही आजच्या लोकांच्या हिशेबात 'गोंड वाटत नाही' असाच. जमिनीखालच्या कोळशापासून जुन्या महाखंडापर्यंत जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गोंडवाना हे नाव आहे. नागपुरात मात्र गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाला ते द्या अशी मागणी आदिवासी संघटनांनी केली, आणि २०२१ मध्ये नाव दुसरंच लागलं. त्यावर माझा फार राग नाही. नावानं पोट भरत नाही. पण ती मागणी आली तेव्हा ऑफिसातल्या एकानं विचारलं, "गोंडांचा नागपूरशी काय संबंध?" तो महाल या जुन्या वस्तीत वाढलेला माणूस! गोंडराजाचा किल्ला त्याच महालात आहे.

दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, ऑफिसातून प्रेमळ मेल येतो. पारंपरिक वेशात या, जमलं तर एखादं नृत्य. हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. एकदा मी विचारलं, पारंपरिक म्हणजे नक्की काय घालू? माझी आजी लुगडं नेसायची, शेजारच्या कुणबी काकू नेसायच्या तसंच. फरक होता तो हातावरच्या गोंदणात. ती म्हणायची, सोनंनाणं इथंच राहते, गोंदण तेवढं संगं येते. तर मी गोंदवून येऊ का? मग मला समजावलं गेलं की पिसं, कवड्या, ढोल असं काहीतरी. मी जीन्समध्येच गेले.

आता दुसरी बाजू. रस्त्यावर मी आदिवासी वाटत नाही, आणि कागदावर मला आदिवासी असल्याचं सिद्ध करावं लागतं. ज्यांच्या घरात व्हॅलिडिटीची, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याच्या पडताळणीची, फाईल झाली आहे त्यांना हे सांगायला नको. कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, आज्याचा शाळेतला दाखल-खारीज, १९५० च्या आधीची नोंद असेल तर सोन्याहून पिवळं. त्यानंतर पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची गृहचौकशी आणि आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीतींवरून जमात ओळखायची परीक्षा. देवे किती मानता? सोयरीक कोणात चालते? मयत झाल्यावर काय करता? आमच्या घरी आलेले साहेब वाईट नव्हते, चहा घेऊन सभ्यपणे विचारत होते. देवे सात, हे मी सांगितलं. सात देवेवाले आपसांत भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही, हेही सांगितलं. गोंडी येते का, या प्रश्नावर मी अडकले. आजीला यायची. बाबांना समजते, बोलता येत नाही, कारण शाळेत पोरं हसायची म्हणून आज्यानं घरात मराठीच चालवली. मला मोजके शब्द येतात. म्हणजे ज्या हसण्याला भिऊन आम्ही भाषा सोडली, त्याच भाषेवरून आता ओळख तपासणार.

पडताळणीच नको असं मी म्हणत नाही, हे नीट वाचा. खोट्या दाखल्यांवर आमच्या जागा गेल्या, हे खरं आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरीही टिकणार नाही. तरी २०१९ मध्ये राज्य सरकारनं अशा लोकांसाठी अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पदं काढून त्यांना सांभाळून घेतलं. तेव्हा तपासा, कडक तपासा. पण आप्तभाव चाचणी ही शेवटची कसोटी नव्हे, शिक्षणानं आणि स्थलांतरानं लोकांच्या चालीरीती बदलतात, हे त्याच कोर्टानं २०११ मध्ये म्हटलंय, आणि २०२३ मध्ये मोठ्या पीठानं पुन्हा. कोर्टाला दोनदा कळलेली गोष्ट माझ्या सोसायटीला एकदाही कळू नये?

कागदाची आणखी एक गंमत. आमचं मूळ देवलापारकडचं, आजा मिलमध्ये कामाला म्हणून शहरात आला. १९७६ चा दुरुस्ती कायदा होईपर्यंत विदर्भातल्या जमातींची यादी मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांतल्याच लोकांना लागू होती. नागपूरचा गोंड त्यात नव्हता. क्षेत्राची अट १९७७ मध्ये प्रत्यक्षात उठली आणि माझे बाबा, तेव्हा कॉलेजात, एका दिवसात अनुसूचित जमातीचे झाले. देव तेच, घर तेच, फक्त रकाना बदलला. बाबा अजून म्हणतात, "त्याच्या आधी आमी कोण होतो बा?"

झिरो माईलजवळून जाताना गोवारी स्मारक दिसतं. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरी, ११४ जीव, बहुतेक बाया आणि पोरं. मागणी हीच, आम्हाला जमातीत धरा. यादीत 'गोंड गोवारी' आहे, त्यात गोवारी येतात की नाही, यावर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये हो म्हटलं आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये नाही. आमच्याच समाजातले बरेच जण या निकालानं सुखावले. वाटेकरी वाढतील ही भीती मला कळते, जागा खरंच थोड्या आहेत. तरी मला त्यात आनंद वाटला नाही. इतक्या बाया पोरं कडेवर घेऊन एका रकान्यासाठी मरतात, तिथं जिंकलं कोण?

हॉस्टेलला माझी रूममेट नागालँडची होती. दोघी अनुसूचित जमातीच्या. धरमपेठेत फिरताना तिला पोरं 'चायनीज' म्हणायची आणि माझ्याकडे कोणी वळूनही बघायचं नाही. तिला भारतीय असल्याचं पटवून द्यावं लागे, मला आदिवासी असल्याचं. तिचं ओझं जास्त होतं, हे मी मोकळेपणानं मान्य करते. मला गर्दीत मिसळता येतं, तिला चेहरा घरी ठेवून बाहेर पडता येत नव्हतं.

यंदा भाचीची फाईल लावायची आहे, बारावी सायन्स. तिला देवांची नावं मी पाठ करून देणार नाही. तिला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला, आमच्या गोंडांच्या तीर्थाला, घेऊन जाणार आहे, माघ पौर्णिमेच्या यात्रेला, ढोलाच्या आवाजात, धक्के खात. चौकशीला कोणी आलं तर तिनं पाहिलेलं सांगावं. तिला नाचायचं असेल तर तिथं नाचेल, ऑफिसच्या लॉबीत नाही.

आणि हो, 'आरक्षण आर्थिक निकषावर हवं' ही चर्चा या पोस्टखाली नको. त्यावर वेगळी पोस्ट टाका, मी येते तिथं भांडायला.