मोतीच्या चित्राविषयी थोडे स्पष्टीकरण

मी रंगवलेल्या मोती या कुत्र्याच्या चित्रावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. चित्रात केसांऐवजी नुसते फराटे दिसतात आणि अशी मोकळी शैली ही रेखांकन न जमणाऱ्यांची पळवाट असते, हे आपले दोन मुख्य आक्षेप आहेत. तिसरा डाव्या कानाविषयीचा.

मोती काळा आहे. काळ्या कुत्र्याचा केस न् केस रंगवायला बसले, तर अंगावर पडलेला प्रकाश हरवतो आणि हाती उरते ते केसाळ पायपुसणे. हा अनुभव मी आधीच्या दोन कॅनव्हासवर घेतलेला आहे. म्हणून या वेळी डोळे किलकिले करून फक्त उजेड आणि सावली यांचे मोठे आकार पाहिले. काळा रंग ट्यूबमधून न घेता अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून केला. त्यामुळे खिडकीच्या बाजूची पाठ निळसर ठेवता आली आणि लाल कोब्याचा उजेड उचलणारे पोट तपकिरीकडे झुकवता आले. खांद्यावरचा जो फराटा आपल्याला विशेष खटकला, तो बारा नंबरच्या चपट्या ब्रशचा, ओल्या रंगावरच ओढलेला आहे आणि त्याची दिशा तिथल्या केसांच्या वळणाचीच आहे. मुस्कटाची लांबी, डोळ्यांमधले अंतर आणि कपाळाचा उतार मात्र कोळशाने तीनदा पुसून बसवले होते. तिथे हात सैल सोडला असता, तर फराट्यांनी काहीच सावरले नसते, त्यामुळे ‘पळवाट’ हा शब्द मला मान्य करता येत नाही.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचे १८७५ च्या सुमाराचे ‘तामा’ हे चित्र आपण अवश्य पाहावे. कलासंग्राहक आंरी सेर्नुस्की यांनी जपानहून आणलेल्या काळ्या-पांढऱ्या कुत्र्याचे ते चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्यातली लव जवळून पाहिली की रंगाचे ओघळते पट्टेच दिसतात, आणि रेखांकन येत नव्हते असे माने यांच्याबद्दल तरी कोणी म्हणणार नाही. (त्यांच्याशी बरोबरी सांगण्याचा माझा हेतू नाही, हे वेगळे सांगायला नकोच.)

डाव्या कानाबाबत मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. मोती मध्येच उठून गेला आणि उरलेला कान मी आठवणीने उरकला. तो डोक्यातून उगवल्यासारखा न दिसता वरून चिकटवल्यासारखा दिसतो. रंग आता वाळला असल्यामुळे तेवढा भाग खरवडून पुन्हा रंगवावा लागेल, आणि त्यासाठी मोतीने निदान वीस मिनिटे एका जागी बसायला हवे.