पोट बांधा, पण आवळू नका

'पोट बांधलं की सुटलेलं पोट आत जातं' हे बाळंतपणानंतर पोट बांधण्याबद्दलच्या एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. गर्भाशय आपलं आपण आकसतं, त्याला साधारण 6 आठवडे लागतात. पट्ट्याने मिळतो तो आधार, आणि तो बाळंतिणीला फार मोलाचा असतो. चरकसंहितेतही सूतिकेच्या, म्हणजे बाळंतिणीच्या, पोटाला तूप-तेल चोळून मोठं स्वच्छ वस्त्र गुंडाळायला सांगितलंय, पण ते पोटात वायूने बिघाड करू नये म्हणून.

माझं सिझेरियन. कोथरूडला माहेरी आईने आजीचं जुनं नऊवारी उभं फाडून पट्टा केला होता, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. मी उताणी झोपले की ती ओटीपोटापासून वर गुंडाळत यायची. गाठ कुशीला, टाक्यांवर कधीच नाही, आणि शेवटी दोन बोटं आत घालून बघायची. खोकताना, पलंगावरून उठताना केवढा धीर वाटायचा! जेवताना आणि रात्री सोडायचा.

पुढे मी हौसेने इलॅस्टिकचा पट्टा आणला आणि करकचून आवळला. आठवड्याभरात शिंकलं की लघवीचे थेंब यायला लागले. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, पोट असं आवळलं की दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. पट्टा सोडला, त्या स्नायूंचे व्यायाम रोज केले, दोनेक महिन्यांत थांबलं. बायका हे कोणाला सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. टाके ओले असतील किंवा ताप असेल, तर बांधण्याआधी डॉक्टरांना दाखवा.